पत्रिका न बघता बसवलेली रॅम

नागपूरच्या एका घरातली ही गोष्ट आहे, २०२५ च्या मे महिन्यातली. घरातल्या वहिनी बारा-तेरा लहान दुकानदारांचे हिशेब घरबसल्या लिहितात. किराणावाले, दोन कापडवाले, एक औषधाचे दुकान. दर महिन्याच्या वीस तारखेच्या आत जीएसटीची विवरणपत्रे भरायची असतात. त्यामुळे सोळा-सतरा तारखेपासून त्या घरात कुणी मोठ्याने बोलायचे नाही, असा अलिखित नियम! त्यांचा कॉम्प्युटर २०१९ साली असेंबल करून घेतलेला. त्यात आठ जीबी रॅमची एकच पट्टी. हिशेबाचे सॉफ्टवेअर, एक्सेलच्या चार फायली आणि ब्राउझरमध्ये सरकारी पोर्टल असे सगळे एकदम उघडले की बिचारा रांगायला लागे.

धाकट्या दिराने उपाय सुचवला. "वहिनी, नवा कॉम्प्युटर कशाला घेता? अजून आठ जीबीची एक पट्टी टाकू. पळायला लागेल बघा!"

सल्ला चुकीचा नव्हता. तीन मेला दीर सीताबर्डीवरून पट्टी घेऊन आला. नव्या पट्टीवर लिहिले होते डीडीआर४, आठ जीबी, ३२००. जुन्या पट्टीवरही नेमके तेच. कॅबिनेट उघडून पट्टी बसवली, बटण दाबले, पडद्यावर सोळा जीबी दिसले आणि घरात चहा झाला.

तीन-चार दिवस कॉम्प्युटर खरोखरच पळाला. मग एका दुपारी व्हाउचर भरता भरता पडदा निळा झाला आणि कॉम्प्युटर आपला आपण पुन्हा सुरू झाला. दुसऱ्या दिवशी ब्राउझर कोसळला. तिसऱ्या दिवशी एक्सेलची फाइल उघडेना. गंमत म्हणजे सकाळी सारे काही सुरळीत चाले. घटना घडत त्या दुपारी एकनंतर, बाहेर पंचेचाळीस अंशांचा उन्हाळा तापला की! दुरुस्तीवाल्याला बोलावले. त्याने एक नजर टाकून निदान केले, "व्हायरस आहे." विंडोज नव्याने टाकायला घेतले, तर तेच अर्ध्यात अडकले. फाइल खराब आहे, वाचता येत नाही, असा संदेश. दुसऱ्या पेनड्राइव्हवरून टाकले, तेव्हा कसेबसे बसले आणि संध्याकाळपर्यंत पुन्हा निळा पडदा. आता निदान बदलले. हार्डडिस्क जायला आली आहे. मग एसएमपीएस. मग घरातली लाइट. दोन फेऱ्यांचे पैसे गेले, नव्या डिस्कचे बजेट निघाले आणि तारीख उजाडली सोळा.

प्रश्न विचारला तो सासूबाईंनी. त्यांचा कॉम्प्युटरशी संबंध नातवाच्या व्हिडिओ कॉलपुरता. त्या म्हणाल्या, "अगं, पण हे सगळं ती पट्टी टाकल्यापासूनच सुरू झालं ना?"

लेबल सारखे, स्वभाव वेगळे

दोन्ही पट्ट्यांवर ३२०० लिहिलेले असताना भांडण कसले? तर तो आकडा फक्त वेग सांगतो, म्हणजे सेकंदाला किती वेळा माहितीची देवाणघेवाण होते ते. मागितलेली माहिती हाती यायला किती ठोके थांबावे लागते, हा दुसरा आकडा. त्याला कॅस लेटन्सी किंवा नुसते सीएल म्हणतात आणि तो लेबलवर बारीक अक्षरात असतो किंवा नसतोच. वहिनींची जुनी पट्टी सीएल १६ ची होती, नवी सीएल २२ ची. घड्याळाच्या भाषेत सांगायचे तर जुनी पट्टी १० नॅनोसेकंदांत उत्तर देई, नवीला पावणेचौदा लागत. शिवाय जुनी पट्टी त्या वेगाला १.३५ व्होल्ट मागे आणि नवी साध्या १.२ व्होल्टवर चालणारी.

प्रत्येक पट्टीवर एक चिमुकली चिप असते, एसपीडी नावाची. तिच्यात त्या पट्टीची सगळी माहिती कोरलेली असते. आकार किती, वेग किती, सीएल किती, व्होल्टेज किती, आतल्या चिपांची घडण कशी. थोडक्यात, ती पट्टीची जन्मपत्रिकाच म्हणा ना! कॉम्प्युटर सुरू होताना मदरबोर्डवरचा बायोस या पत्रिका वाचतो आणि दोघींना झेपेल असा सर्वांत धिमा समान वेग ठरवतो. म्हणूनच वेगवेगळ्या कंपन्यांच्या, वेगवेगळ्या वेगांच्या पट्ट्या हजारो घरांत बिनतक्रार नांदत आहेत. दोन पट्ट्या वेगळ्या म्हणजे कॉम्प्युटर बिघडणारच, असे जे दुकानदार सांगतात ते अर्धसत्य आहे. महागडी जोडी खपवण्यासाठी बऱ्याचदा सांगितलेले!

पेच येतो तो एक्सएमपी नावाच्या सोयीमुळे. गेमिंगसाठी म्हणून विकल्या जाणाऱ्या, वर पत्र्याचे चिलखत चढवलेल्या पट्ट्यांच्या पत्रिकेत कंपनी आणखी एक पान जोडते. 'आमची पट्टी नेहमीपेक्षा जलदही चालते, तिला इतके व्होल्ट द्या आणि इतक्या ठोक्यांत उत्तर मागा.' बायोसमध्ये ही सोय चालू केली की बोर्ड नेहमीचे नियम सोडून त्या पानाप्रमाणे वागतो. वहिनींचा कॉम्प्युटर जोडणाऱ्याने २०१९ सालीच ती चालू करून ठेवली होती आणि पट्टी एकटी असेपर्यंत त्यात काही वावगे नव्हते. दुसरी पट्टी आल्यावर बोर्डाने तोच हुकूम तिलाही लावला. बावीस ठोके मागणाऱ्या पट्टीला सोळा ठोक्यांत उत्तर द्यायला लावले!

नवी पट्टी तरी लगेच का कोसळली नाही? कारण कारखान्यातून निघणाऱ्या चिपांत थोडी सवलत राखलेली असते. सकाळी, गारव्यात, हलके काम असताना ती ओढून नेत होती. दुपारी कॅबिनेटच्या आतले तापमान वाढले, रॅम भरत आली आणि सवलत संपली.

गळक्या घागरी

रॅममधले काम कसे चालते ते कळले की ही नाजूकता लक्षात येते. आज वापरात असलेल्या डायनॅमिक रॅमची कल्पना आयबीएमच्या रॉबर्ट डेनार्ड यांना १९६६ साली सुचली आणि १९६८ साली तिचे पेटंट मिळाले. माहितीचा प्रत्येक बिट म्हणजे एका सूक्ष्म कपॅसिटरमधला विजेचा भार. भार असला तर एक, नसला तर शून्य. पण ही घागर गळकी! भार सतत झिरपत असतो. म्हणून रॅम दर ६४ मिलिसेकंदांच्या आत प्रत्येक घागर पाहते आणि भरलेली असेल तर पुन्हा काठोकाठ भरते. चिप ८५ अंशांच्या वर तापली, तर डीडीआर४ मध्ये हीच फेरी निम्म्या वेळात पुरी करावी लागते. आठ जीबीच्या एका पट्टीत अशा घागरी सुमारे ६,८७२ कोटी. त्यातली एक जरी चुकीची वाचली गेली तर?

ती रिकाम्या जागेतली असेल तर काहीच होत नाही. फोटोतली असेल तर एखादा ठिपका बदलेल. विंडोजच्या कारभारातली असेल तर निळा पडदा. आणि हिशेबातल्या आकड्यातली असेल तर? तर पडदा निळा होणार नाही, घंटा वाजणार नाही. चुकीचा आकडा गुपचूप डिस्कवर लिहिला जाईल. कॉम्प्युटर बंद पडणे हा या दुखण्याचा दिसणारा भाग आहे. न दिसणारा भाग जास्त महागात पडतो.

मोठ्या सर्व्हरमध्ये ईसीसी प्रकारची रॅम असते. ती एका बिटाची चूक पकडून दुरुस्तही करते आणि नोंद ठेवते. अशा नोंदींचा गूगलच्या हजारो सर्व्हरांवर केलेला अभ्यास २००९ साली प्रसिद्ध झाला. वर्षभरात शंभरातल्या आठांहून जास्त पट्ट्यांत निदान एक तरी चूक आढळली. त्याच अभ्यासात तापमानाचा परिणाम मात्र अपेक्षेपेक्षा बराच कमी दिसला, हेही सांगायला हवे. म्हणजे आपल्या नेमून दिलेल्या मर्यादेत चालणाऱ्या पट्टीला उन्हाळा फारसा बाधत नाही. मर्यादेच्या काठावर उभ्या केलेल्या पट्टीला तो ढकलतो. आपल्या घरच्या कॉम्प्युटरांत सहसा ईसीसी नसते. तिथे चूक झाली तरी तिची नोंद कुणी ठेवत नाही.

जोडीचा हा प्रश्न नवा नाही बरे का. नव्वदच्या दशकात ज्यांच्या घरी पहिला पेंटियम आला, त्यांना आठवत असेल. ७२ पिनांच्या सिम पट्ट्या दोन-दोनच्या जोडीनेच बसवाव्या लागत. कारण पेंटियम एका वेळी ६४ बिट मागे आणि एका पट्टीतून ३२ च मिळत. त्याआधीच्या ४८६ मध्ये तर ३० पिनांच्या पट्ट्या चार-चारच्या संचाने लागत. जोडी अपुरी असली की यंत्र सुरूच होत नसे. तेव्हाचा कारभार कडक होता, पण एका अर्थी सोयीचा. चूक लगेच कळे. आजचा बोर्ड समजूतदार आहे. तो कसेतरी जुळवून घेतो आणि भांडण पंधरा दिवसांनी बाहेर येते.

दुखणे रॅमचेच कशावरून?

कॉम्प्युटर बंद पडण्याची कारणे अनेक आहेत. पण प्रत्येकाची चाल वेगळी असते. निळ्या पडद्यावर दर वेळी एक कारण इंग्रजीत लिहिलेले असते. २०२५ च्या उत्तरार्धापासून विंडोज ११ मध्ये मायक्रोसॉफ्टने हा पडदा काळा केला आहे, तेव्हा काळा दिसला तरी दचकू नका. दर वेळी तेच कारण आणि त्याखाली एकाच फाइलचे नाव येत असेल, तर संशय त्या ड्रायव्हरवर. एकच प्रोग्रॅम एकाच जागी अडखळत असेल, तर दोष त्या प्रोग्रॅमचा. कुठलाही पडदा न येता दिवा गेल्यासारखे सगळे एकदम बंद होत असेल, तर आधी एसएमपीएस आणि प्रोसेसरवरचा पंखा बघा.

रॅमच्या दुखण्याला मात्र ठराविक जागाच नसते. आज 'मेमरी मॅनेजमेंट', उद्या 'पेज फॉल्ट इन नॉनपेज्ड एरिया', परवा 'आयआरक्यूएल नॉट लेस ऑर ईक्वल'. आज ब्राउझर, उद्या एक्सेल. मोठी झिप फाइल उतरवली की ती खराब असल्याचा संदेश येतो आणि तीच फाइल पुन्हा उघडली की उघडते! आणि सर्वांत बोलकी खूण म्हणजे विंडोज नव्याने टाकताना मध्येच अडकणे. तिथे जुना व्हायरस नसतो, जुना ड्रायव्हर नसतो. असते ते फक्त यंत्र. नागपूरच्या दुरुस्तीवाल्यासमोर ही खूण उभी होती. ती त्याने ओळखली नाही आणि दुसरा पेनड्राइव्ह काढला.

दोन पट्ट्या किती विजोड आहेत हे कॅबिनेट न उघडताही पाहता येते. टास्क मॅनेजरमध्ये 'परफॉर्मन्स' आणि त्यात 'मेमरी' उघडा. रॅम सध्या कुठल्या वेगाने चालते आहे आणि किती खाचा भरलेल्या आहेत ते तिथे दिसते. 'सीपीयू-झेड' नावाचा लहानसा मोफत प्रोग्रॅम तर प्रत्येक पट्टीची पत्रिकाच पुढ्यात ठेवतो. एसपीडीच्या पानावर खाच क्रमांक एक, मग खाच क्रमांक दोन निवडायची आणि आकडे शेजारी शेजारी लिहून काढायचे. वहिनींच्या दिराने हे केले असते, तर सीएलचा फरक दोन मिनिटांत दिसला असता.

आधी काढा, मग कॉपी करा

इथे जवळजवळ सगळेच एक चूक करतात. कॉम्प्युटर बंद पडू लागला की घाबरून आधी सगळ्या फायलींची कॉपी पेनड्राइव्हवर घेतात. पण फाइल डिस्कवरून पेनड्राइव्हवर जाते ती रॅममधूनच! रॅम चुकत असेल तर कॉपीही चुकीचीच होणार. आणि जुन्या चांगल्या कॉपीवरच नवी लिहिली, तर उरलेसुरले तेही गेले. वहिनींनी नेमके हेच केले होते. रोज संध्याकाळी न चुकता हिशेबाची कॉपी, त्याच पेनड्राइव्हवर, त्याच नावाने. शिस्त कौतुकास्पद, पण तेरा दिवसांच्या कॉपीवर आता भरवसा ठेवायला जागा नव्हती.

म्हणून क्रम उलटा हवा. संशय आला की काम थांबवा, कॉम्प्युटर बंद करा, नव्याने बसवलेली पट्टी काढा आणि मगच कॉपी घ्या. तीही नव्या जागी, जुनीला हात न लावता.

पट्टी काढणे घरी जमण्यासारखे आहे. भिंतीवरचे बटण बंद करून प्लग काढायचा. मग कॉम्प्युटरचे बटण काही सेकंद दाबून धरायचे, म्हणजे आत साठलेली वीज निघून जाते. कॅबिनेटच्या उघड्या धातूला हात लावायचा, म्हणजे अंगावरची स्थिर वीज उतरते. नायलॉनची साडी नेसून किंवा गालिच्यावर बसून हा उद्योग नको. खाचेच्या टोकांची कुलुपे बाजूला केली की पट्टी वर येते. कडांना धरायची, सोनेरी दातांना बोट लावायचे नाही. दात मळलेले असतील तर दुकानात खोडरबर घासतात. घासू नका असे नाही, पण हलक्या हाताने आणि रबराचा भुगा खाचेत पडू न देता. त्यापेक्षा आयसोप्रोपिल अल्कोहोलचे दोन थेंब टाकलेले मऊ कापड बरे. परत बसवताना पट्टीची खाच बोर्डावरच्या उंचवट्याशी जुळवून दोन्ही टोकांना सारखे दाबायचे. 'टक्' असा आवाज आला पाहिजे. जुळत नसेल तर जोर लावू नका. डीडीआर३, डीडीआर४ आणि डीडीआर५ यांची खाच मुद्दाम वेगवेगळ्या जागी ठेवलेली असते, ती चुकीची पट्टी बसू नये म्हणूनच.

चार खाचांच्या बोर्डावर कुठली खाच आधी भरायची, ते बोर्डाच्या पुस्तिकेत दिलेले असते. बहुतेक बोर्डांवर प्रोसेसरपासून दुसरी आणि चौथी. शेजारी शेजारी बसवल्या की दोन पट्ट्या असूनही कॉम्प्युटर एकाच वाटेने माहिती नेतो आणि वेगाचा निम्मा फायदा वाया जातो.

रात्रभराची परीक्षा

नागपुरात सोळा तारखेच्या रात्री नवी पट्टी निघाली. सतरा तारखेला भर दुपारी कॉम्प्युटर एकदाही बंद पडला नाही. म्हणजे पट्टी सदोष, असे म्हणून ती फेकून द्यायला दीर निघाला होता. पण आता त्याला थोडी लाज आणि बरीच जिद्द चढली होती. त्याने परीक्षा घ्यायचे ठरवले.

विंडोजमध्येच 'मेमरी डायग्नोस्टिक' नावाची परीक्षा असते. स्टार्टमध्ये नाव टाइप केले की सापडते, कॉम्प्युटर पुन्हा सुरू होऊन तपासणी होते. ती झटपट आहे, पण वरवरची. तिने दोष दाखवला तर तो खरा समजावा. तिने पास केले म्हणून निश्चिंत होऊ नये. खरी कसोटी 'मेमटेस्ट८६' किंवा त्याच वंशातल्या 'मेमटेस्ट८६ प्लस'ची. मूळ प्रोग्रॅम १९९४ पासूनचा आहे. पेनड्राइव्हवर टाकून कॉम्प्युटर त्यावरून सुरू करायचा. विंडोजचा संबंधच नाही. रॅमच्या प्रत्येक कोपऱ्यात ठरावीक नमुने लिहायचे आणि परत वाचून पाहायचे, एवढेच ते करते, पण कसून. चार फेऱ्यांना सोळा जीबीसाठी बरेच तास लागतात. म्हणून रात्री लावून झोपावे.

इथे एकच नियम. चूक शून्य हवी. "एवढ्या कोटींत दोनच तर चुका आहेत, चालतंय की," असे म्हणणारा दुरुस्तीवाला भेटला, तर त्याला नमस्कार करून दार लावून घ्या.

परीक्षा एकेका पट्टीची वेगळी घ्यायची, एकाच खाचेत. एखादी एकटीच नापास झाली तर ती खराबच, बिल शोधा आणि वॉरंटीत बदलून मागा. कुठलीही पट्टी घातली तरी एका विशिष्ट खाचेतच चुका येत असतील, तर दोष बोर्डाचा किंवा त्या खाचेतल्या धुळीचा. आणि दोघी एकेकट्या पास पण एकत्र नापास, असे झाले तर समजावे की पट्ट्या चांगल्या आहेत, जोडी जमलेली नाही.

दिराच्या कॉम्प्युटरने नेमके हेच दाखवले. जुनी एकटी रात्रभर निर्दोष. नवी एकटी दुसऱ्या रात्रभर निर्दोष. दोघी एकत्र लावल्या आणि वीस मिनिटांत पडद्यावर लाल ओळी उतरू लागल्या.

मग त्याने बायोस उघडून एक्सएमपी बंद केले. बोर्ड आपल्या नेहमीच्या नियमांवर आला. दोन्ही पत्रिका वाचून त्याने २४०० चा वेग ठरवला. परीक्षा पुन्हा. चार फेऱ्या, शून्य चुका. ३२०० वरून २४०० म्हणजे पाव वेग गेला म्हणायचे का? कागदावर हो. पण हिशेबाच्या सॉफ्टवेअरला आणि पोर्टलला तो फरक जाणवतही नाही. त्यांना जागा हवी होती, ती मिळाली.

एवढ्यावर सुटले नसते तर पुढची पायरी बायोसची नवी आवृत्ती. नंतरच्या काळात निघालेल्या चिपा जुन्या बायोसला ओळखता येत नाहीत, असे होते. पण हे काम चालू असताना वीज गेली तर बोर्डच निकामी होऊ शकतो. यूपीएस नसेल तर करू नये, हेच बरे. आणि विंडोज ११ मध्ये डिस्क कुलूपबंद असेल, तर बायोसमध्ये बदल केल्यावर रिकव्हरी की मागितली जाते. ती आधी कागदावर लिहून ठेवा. नाहीतर रॅम बरी होईल आणि फायली कुलपात राहतील!

दुखणे बरे झाल्यावर मागची साफसफाई राहते. चुकणाऱ्या रॅमवर बसवलेले विंडोज स्वतःच मोडके असू शकते. सिस्टिम फाइल चेकर आणि चेकडिस्क चालवून बघावे. पण संपूर्ण स्थापना त्या काळात झाली असेल, तर पुन्हा एकदा नव्याने टाकणे शहाणपणाचे. वहिनींनी टाकले. या वेळी ते एका दमात बसले.

विकत घेताना

२०२५ च्या अखेरीस एआयच्या सर्व्हरांसाठी मागणी वाढली आणि रॅमच्या किमती जगभर भडकल्या. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये विंडोज १० चा सर्वसाधारण आधार संपला आणि जुन्या कॉम्प्युटरांना थोडा जोर देऊन विंडोज ११ वर न्यायची धडपड अनेक घरांत सुरू झाली. साहजिकच जुनी, सुटी, दुसऱ्याच्या कॉम्प्युटरमधून निघालेली पट्टी शोधणारे वाढणार. मुंबईचा लॅमिंग्टन रोड, दिल्लीचे नेहरू प्लेस, बंगळुरूचा एस. पी. रोड, चेन्नईची रिची स्ट्रीट, सिकंदराबादचे चेनॉय ट्रेड सेंटर, कुठेही जा, सुटी पट्टी मिळते. घ्यायला हरकत नाही, पण जुन्या पट्टीचा फोटो सोबत न्या. नुसता 'आठ जीबी' म्हणून मागू नका. पिढी, वेग, सीएल, व्होल्टेज ही चारही सांगा. जमत असेल तर त्याच कंपनीचा तोच मॉडेल क्रमांक घ्या. त्यातही एक मेख आहे. कंपन्या तोच क्रमांक ठेवून आतल्या चिपा बदलतात. म्हणून एकाच डब्यात येणारी, एकत्र तपासलेली जोडी सर्वांत निर्धास्त. ती परवडत नसेल तर नापसंत झाल्यास परत घेण्याचा शब्द बिलावर लिहून घ्या, तोंडी नको.

लॅपटॉपवाल्यांनी अधिक जपावे. डीडीआर३ च्या काळातले नंतरचे बरेचसे लॅपटॉप १.३५ व्होल्टचीच, म्हणजे डीडीआर३एल पट्टी घेतात. त्यांना १.५ व्होल्टची साधी पट्टी चालत नाही आणि दोन्ही दिसायला सारख्याच. डीडीआर५ वाल्यांसाठी वेगळी सूचना. नवी पट्टी घातल्यावर पहिल्यांदा सुरू करताना पडदा काही मिनिटे काळाच राहू शकतो. बोर्ड तेव्हा रॅमशी जुळवून घेत असतो. घाबरून बटण दाबू नका. आणि चारही खाचा भरायचा मोह आवरा. रायझन ७००० मालिकेचे प्रोसेसर दोन पट्ट्यांना ५२०० चा वेग देतात, चार पट्ट्यांना अधिकृतपणे ३६०० चाच.

वहिनींचे काय झाले? दोन मेला, म्हणजे पट्टी येण्याच्या आदल्या दिवशी, त्यांनी हिशेबाची कॉपी त्यांच्या सीएंना मेल केली होती. ती शाबूत निघाली. एप्रिलचा बहुतेक हिशेब तिच्यात होता, औषधाच्या दुकानाची आणि एका कापडवाल्याची खरेदीची बिले तेवढी राहिली होती. ती सासूबाईंनी वाचून दाखवली, वहिनींनी भरली. विवरणपत्रे वीस तारखेला रात्री साडेदहा वाजता गेली. मेचे सुरुवातीचे दोन आठवडे मात्र कागदी बिलांवरून पुन्हा लिहावे लागले. पेनड्राइव्हवरची फाइल उघडली खरी, पण औषधाच्या दुकानाच्या एका पुरवठादाराची शिल्लक तिच्यात जुळत नव्हती. ती रॅममुळे चुकली की घाईत टाइप करताना, हे आता कुणालाच सांगता येणार नाही.

पेनड्राइव्ह आता दोन आहेत, एक सम तारखांचा, एक विषम. कॅबिनेटच्या पत्र्याला आतून एक कागद चिकटवलेला आहे. त्यावर दोन्ही पट्ट्यांचे आकडे, खरेदीची तारीख आणि दिराच्या अक्षरात एक ओळ, 'एक्सएमपी चालू करू नये.'